रविवारी ती कोणाला भेटते

ती घटना आठवली की आजही त्या बापलेकीचा अभिमान वाटतो.

गुडगावात तेव्हा शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मी तिथे नवा सहायक पोलीस अधीक्षक होतो. एका कॉल सेंटरचा व्यवस्थापक तक्रार घेऊन आला. कंपनीच्या वसतिगृहात राहणारी परभणीची मुलगी न सांगता निघून गेली होती. ग्राहकांच्या माहितीची सीडी चोरून तिने मित्राला दिली, असं त्याचं म्हणणं. मुलगी मराठी, म्हणून तपास मी स्वतःकडे घेतला.

कंपनीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकडून खबर मिळाली की तिला त्याने दिल्लीच्या करोल बाग भागात सोडलंय. तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मैत्रिणीच्या खोलीवर ती राहत होती. स्थानिक ठाण्यात कळवून, महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिथेच तिचा जबाब घेतला.

पोलीस दारात दिसले की लोक रडतात किंवा भांडतात. हिने आधी आम्हाला बसायला जागा करून दिली. सीडीबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. मग मी विचारलं, तो मित्र कोण?

"सर, सीडीचं काय ते विचारा. रविवारी मी कोणाला भेटते, हे मी कंपनीला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. म्हणूनच तर वसतिगृह सोडलं."

तिने सांगितलं, वसतिगृहात भेटायला कोण येतं, फोन कोणाचे येतात, सगळ्यावर कंपनीचा पहारा होता. मित्राला भेटू नको, असं बजावूनही ती बधेना, तेव्हा व्यवस्थापकाने तिच्या वडिलांना फोन केला: मुलगी परधर्माच्या मुलाबरोबर फिरते, येऊन घेऊन जा.

ठाण्यात परतून मी कंपनीच्या सुरक्षाप्रमुखाला एकट्याला समोर बसवलं. मुलगी कुठल्या बागेत बसली, कोणाच्या स्कूटरवरून परतली, त्याला सगळं पाठ. सीडी कुठून चोरीला गेली, हे मात्र सांगता येईना. मी तेवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी त्याने कबूल केलं. सीडी व्यवस्थापकाच्याच टेबलाच्या खणात होती. मुलगी घाबरून परत यावी, एवढाच व्यवस्थापकाचा बेत होता. पंचांसमक्ष ती सीडी आम्ही जप्त केली.

दुसऱ्या दिवशी वडील आले. एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे, अबोल गृहस्थ. व्यवस्थापक जबाबासाठी ठाण्यातच होता. बाप आपलीच बाजू घेणार या भरवशावर त्याने हिंदीत मुलीच्या वागण्याचा पाढा वाचला. वडिलांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि मग ते माझ्याकडे वळले.

"साहेब, यांना एवढंच विचारा, तिच्या कामात काही कसूर होती का?"

मी विचारलं. काम उत्तम होतं, असं व्यवस्थापकाला म्हणावं लागलं.

"मग बाकीचं मी आणि माझी लेक बघू. यांना त्यात काय करायचंय?"

त्या मुलाबद्दल ते खूश नव्हते, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते भांडण त्यांनी परक्यासमोर काढलं नाही.

खोटी माहिती दिल्याबद्दल व्यवस्थापकावर कारवाई झाली. मुलीने अनुभवाचा दाखला हक्काने मागून घेतला आणि दुसरीकडे नोकरी धरली.

पुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो की अधिकार हातात आहे म्हणून प्रत्येक प्रश्न विचारायचा हक्क मिळत नाही. पगार देणाऱ्याने कामाबद्दल विचारावं, पोलिसाने गुन्ह्याबद्दल. त्यापुढे माणूस स्वतःच्या आयुष्याचा मालक असतो, हे मला त्या दोघांनी शिकवलं.