जंगलाचं पान

रूपाचा फोन आला तेव्हा मी सर्जापूर रोडवर रिक्षात अडकले होते. "ताई, अक्का गेली..." एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

सुमनअक्का, रूपाची आत्या, मूळची निपाणीची. सगळं आयुष्य येलहंक्यात गेलं. जुन्या परीकथा अगदी लहान मुलांसाठी चित्रांतून नव्याने सांगायच्या, हे तिचं काम. मी पुण्याहून आले ती नोकरीपायी. सुट्टीत एका छोट्या प्रकाशनासाठी बालपुस्तकांचं संपादन करायचे आणि त्या निमित्ताने तिच्याकडे जायचे. या कानडी शहरात मोकळेपणाने मराठीत भांडता येईल असं माझं तेवढंच एक घर होतं. रंग लावण्याआधी अक्का साध्या कागदांची कच्ची प्रत शिवायची आणि शेजारची पोरं गोळा करून वाचून दाखवायची. ज्या चित्रावर पोरं काही विचारत नाहीत ते बाद, मग ते कितीही देखणं असो. मी हळहळले की म्हणायची, "तुला आवडून काय उपयोग? तुला वाचता येतंय की!"

शेवटचं पुस्तक जंगलात सोडून दिलेल्या बहीणभावाचं. त्यात दोन पानं भरून नुसती काळी झाडं आणि खाली कोपऱ्यात दोन इवलीशी मुलं. शब्द एकही नाही. पोरांनी सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच विचारले. मला मात्र वाटलं, तीन वर्षांची मुलं घाबरतील, आईबाप पुस्तक घेणार नाहीत. "भिऊ देत की गं. कुणाच्या तरी मांडीवर बसूनच ऐकतात नव्हं?" अक्का म्हणाली. छपाईची घाई होती. तिला न विचारता मी ते चित्र काढून टाकलं.

छापील प्रती घेऊन गेले, तेव्हा तिने सावकाश पानं उलटली, त्या जागी जराशी थांबली आणि कानडीत म्हणाली, "सरी." ठीक आहे, एवढंच. मग चहा टाकला. ती भांडली असती तर मी माफी मागितली असती... ती भांडली नाही, आणि मी सोयीस्करपणे विषय संपला असं समजले. नंतर माझं जाणं कमी झालं. येलहंका लांब पडतं, असं स्वतःला सांगत राहिले. लांब तर ते आधीही होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी ते मूळ चित्र मागायला गेले. निदान पुढच्या आवृत्तीत घालू, असा विचार. तेवढ्यात शेजारची छोटी चिन्मयी आपलं पुस्तक घेऊन आली. त्यात मधोमध एक जास्तीचं पान चिकटवलेलं होतं. काळी झाडं, दोन मुलं, सगळं हाताने काढलेलं.

"अक्कानं एकेकाच्या पुस्तकात घातलंय," रूपा म्हणाली. "हात थरथरायचा, तरी काढत बसायची. तुमच्यात पण असंल की, ताई."

माझी प्रत अक्काने नंतर एकदा नाव घालून दिली होती. मी ती घरी आणून कपाटात ठेवली, ती पुन्हा उघडलीच नव्हती. येलहंक्यापासून घरापर्यंत बसमध्ये मी किती दिवसांनी आनंदात होते!

कपाट उघडलं, पुस्तक काढलं. एकेक पान सोडवून पाहिलं, उलटं धरून झटकलंसुद्धा. बहीणभाऊ घराच्या दारातून निघतात आणि पान उलटलं की थेट मिठाईच्या घरापाशी पोहोचतात. मी छापलं होतं तसंच.

संध्याकाळी रूपाने फोन केला. "मिळालं का, ताई?"

"मिळालं," मी म्हणाले.