देवी आलेले दगड

वैशाखात अनंताचं जाड पाकीट आलं. आत चार पानी पत्र, मंगळाच्या जमिनीचा एक फोटो आणि दगडावर खुणा करायचं काळं पेन. तिकीट कमी पडलं म्हणून पोस्टमननं दीड रुपया घेतला, वर पाणी मागितलं. दोन्ही दिलं.

अनंत माझा एकुलता एक. अमेरिकेत दगडांचा अभ्यास करतो. त्याच्या पत्रिकेत कडक मंगळ, त्यापायी तीन स्थळं परत गेली, आणि पुढे त्याच मंगळानं त्याला नोकरी दिली. यानांनी पाठवलेले फोटो बघून, तिथल्या कोरड्या जमिनीवरून एके काळी पाणी वाहिलं का, दगडांत ते मुरलं का, हे तो शोधतो. मंगळाचा दगड काही हाती येत नाही. म्हणून त्याच्या जातीचा पृथ्वीवरचा दगड फोडून बघतात, आणि तो म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण.

त्यानं लिहिलं होतं, ‘मुळशी धरणाच्या पुढे रस्त्यासाठी डोंगर कापलाय. तिथे भोकाभोकांत पांढरं भरलेला दगड मिळेल. चार-पाच आण. उचलण्याआधी वरच्या अंगाला बाण काढ. आणि आई, धुऊ नकोस. भोकांतल्या मातीतच सगळं आहे.’ ओळखीचे एक गृहस्थ बुधवारी रात्री अमेरिकेला निघणार होते, ते नेणार. दगड वेळेत पोचले तर काम आटोपेल आणि दिवाळीला येईन, असं शेवटी. त्याला येऊन पाच वर्षं झाली. हे गेले तेव्हाही त्याला पोचता आलं नव्हतं.

पत्र वाटेत रेंगाळल्यामुळे हाताशी मंगळवार तेवढा उरला होता. तो बराच झाला. मंगळवारी माझा उपास, म्हणजे बाहेर खाण्याचा खर्च नाही. देवाला फुलं वाहिली, शेजारी किल्ली दिली आणि स्वारगेटहून पहिली एस.टी. धरली. एकटीनं एवढ्या लांब जायची माझी ही पहिलीच वेळ. खिडकीची जागा मिळाली, पण ‘ते बघ’ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

भूगावपर्यंत नुसती शेतं. पिरंगुटला गाडी बराच वेळ थांबते. चहा चांगला मिळतो म्हणे, मी घेतला नाही. पौडला गाडी बदलावी लागली. तिथे शेखभाईंचं किराणा दुकान आहे, त्यांच्या बाकावर बसले. कुठं निघालात, त्यांनी विचारलं. धरणापुढे, म्हटलं.

“बाई, तिकडं दगडाबिगर काय न्हाई.”

“मला दगडच हवेत.”

“मग लई हायेत. भाव करू नका म्हंजे झालं.”

हसले, पण माणूस काळजीचा. संध्याकाळी परतीची गाडी नसते, रस्त्याकडेच्या वाडीत सोनाबाईकडे उतरा, माझं नाव सांगा, असं त्यांनी बजावलं. सोनाबाई आपला तांदूळ शेखभाईंच्याच दुकानात घालतात. जाणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं: तिकडे मुक्कामाची सोय आधी बघावी, मग निसर्ग.

सोनाबाई माझ्याच वयाच्या. चेहराभर देवीचे वण. घरात एकट्याच. शेखभाईंचं नाव ऐकून त्यांनी पिशवी हातातून घेतली, गूळपाणी दिलं आणि डोंगर कापलेल्या जागी स्वतः घेऊन गेल्या. काळ्या भिंतीसारखा उभा कातळ, सगळ्या अंगावर भोकं, आणि भोकांत पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. अनंतानं पत्रात समजावलं होतं की हा दगड एके काळी वितळलेला रस होता, ही भोकं म्हणजे त्यातले बुडबुडे. पुढे युगानुयुगं त्यातून पाणी झिरपलं आणि पांढरं मागं ठेवून गेलं. मी सोनाबाईंना तसंच सांगितलं.

त्या म्हणाल्या, आमच्यात ह्याला देवी आलेला दगड म्हणतात. आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

सुटून पडलेले पाच दगड मी निवडले. प्रत्येकावर बाण काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला. बाण कशाला, त्यांनी विचारलं. वर कुठलं अंग होतं ते कळावं म्हणून. त्यांनी मान डोलावली. देवाच्या दगडाला वर-खाली असतंच, त्यात त्यांना नवल वाटलं नाही.

दुपारी धरणाच्या काठाशी बसलो. पाणी पार खाली गेलं होतं. काठावर ओळीखाली ओळ उमटलेली, जसजसं पाणी उतरत गेलं तशी. सुकलेल्या गाळात बारक्या ओहोळांच्या खुणा, झाडाच्या फांद्यांसारख्या. मी पिशवीतून मंगळाचा फोटो काढला आणि समोर धरला. हुबेहूब. पाच वर्षं मुलगा काय करतो ते लोकांना सांगत होते, कळलं त्या क्षणी. पाणी गेल्यावर राहिलेल्या खुणा वाचायच्या. आमच्या घरी त्याचं कपाट होतं तिथे भिंतीवर अजून फिकट चौकोन आहे. रंग काढताना तेवढी भिंत मी सोडायला लावली होती.

“ल्योक कुटं असतो तुमचा?”

“अमेरिकेत.”

“माजा ममईला. शिमग्याला येतो. तितनं गाडी न्हाई व्हय?”

विमान असतं, म्हटलं. मंगळावर पाणी होतं का ते शोधतो, हेही सांगितलं. सोनाबाई धरणाकडे बघत राहिल्या. त्यांच्या सासरचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे.

“हितलं पानी कमी पडलं व्हय त्याला? आमचं गाव बुडालंय, त्ये शोद म्हनावं आदी.”

मला हसू आलं, त्यांनाही. 

उपास असल्यानं रात्री त्यांनी रताळी उकडून दिली. मी दोन रुपये पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. मी लवकर आडवी झाले. चुलीपाशी त्यांचं काहीतरी घासणं चालल्याचं ऐकू येत होतं. भांडी असतील, वाटलं.

सकाळी गाडी वाडीच्या फाट्यावर आली. मी चढून बसल्यावर सोनाबाईंनी खिडकीतून पिशवी दिली. गाडी सुटायच्या बेतात होती. पिशवी मांडीवर घेतली तर लुगडं ओलं झालं.

उघडून बघितलं. पाचही दगड राखेनं घासून, विहिरीच्या पाण्यानं धुऊन लख्ख केलेले. बाण गेलेले, भोकांतली माती गेलेली, आणि प्रत्येकावर हळदीकुंकू. शेजारी नारळ.

मागे वळून बघितलं. त्या फाट्यावर उभ्या होत्या. मी हाक मारली असावी, कारण त्या गाडीबरोबर चार पावलं आल्या आणि म्हणाल्या, “तुमाला कुकू लावता येत न्हाई बाई. मंग रित्या हातानं कसं धाडू? देवीला लावलंय.”

रागावू कुणावर? धुऊ नका, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. हे गेल्यापासून कुणाच्या घरून मी ओटी घेऊन निघाले नव्हते. ह्या बाईनं वाट काढली होती. नारळ पदराखाली धरून मी पौडपर्यंत रडले. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि सुट्टे हातावर ठेवले.

परतीची गाडी घेऊन दगड बदलून आणायला वेळ नव्हता. गृहस्थ संध्याकाळी पुणं सोडणार. मनात आलं, कुंकू पुसावं, वाळवावे, बाण अंदाजानं काढावे. अनंताला कळणार नाही, दिवाळी होईल. पण मग सोनाबाईंच्या विहिरीचं पाणी अमेरिकेत कोट्यवधी वर्षांचं ठरलं असतं, आणि माझ्या पोराचं नाव त्याखाली लागलं असतं. देवापुढे दिवा लावणाऱ्या हातानं ते होईना.

दगड मी देवघरात मांडले. नारळ फोडून शेजारी प्रसाद दिला. खर्चाचं म्हणाल तर सगळा प्रवास दहा रुपयांच्या आत झाला, आणि तिकडची कैरी स्वस्त आहे. पाणी उतरलेलं असताना जावं, खुणा तेव्हाच दिसतात. जी जाईल तिनं सोनाबाईंना पुण्याहून बांगड्या न्याव्यात, दुसरं काही त्या घेणार नाहीत.

त्या गृहस्थांच्या हाती मी फक्त पत्र दिलं. त्यात घडलं ते सगळं लिहिलं आणि खाली एवढंच:

‘चि. अनंत, देवी आलेले दगड मुळशीला भिंतीभर आहेत, पण न धुतलेले दुसऱ्याच्या हातून येणं अवघड दिसतं. सोनाबाई पाहुण्याच्या पिशवीत काय आहे ते बघितल्याशिवाय राहत नाहीत. बाण कुठल्या अंगाला काढायचा ते तूच येऊन ठरव. काम अडलं तर माझ्यामुळे अडलं, हे जाणते. तरी दिवाळीला येतोस की नाही, जे असेल ते उलट टपाली कळव. नाही असलं तरी कळव.’