ब्रेक ऑइल कुठे गेलं?

अठ्ठावीस वर्षं त्याने हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली. त्या काळात गाडीचा भोंगा जेवढा वाजला, त्याहून जास्त त्याचा स्वतःचा आवाज वाजला, असं त्याच्याबरोबर काम केलेली माणसं सांगतात. म्हणून त्याला सगळे ‘सायरन’ म्हणायचे. पुढे घरातही मुलं पाठीमागे तेच म्हणू लागली, आणि त्याला ते माहीत होतं.

पंचावन्नाव्या वर्षी एकदा गाडी आत घेताना हॉस्पिटलच्या फाटकाचा खांब त्याने घासला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच खांब. गाडीत त्या वेळी पेशंट नव्हता, कुणी पाहिलंही नव्हतं. तरी तो त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवून आला. “मला बाजूचं दिसत नाही. उद्यापासून मी चालवणार नाही.” डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं गेलं, मग समोरचं जगही बोगद्यातून पाहिल्यासारखं आक्रसत गेलं, आणि साठीच्या आत उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं उरलं. निरोपाच्या दिवशी हॉस्पिटलने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजल्या. सायरन म्हणाला, “चांगलं आहे. काटे तुम्ही बघा, टिकटिक मी ऐकतो.” कुणाला हसावं की नाही ते कळेना.

त्याच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती. जुनी होती, पण तिच्या इंजिनाचा आवाज त्याला बायकोच्या आवाजाइतका ओळखीचा होता. डोळे गेल्यावर जो तो हेच सांगू लागला की आता ती विकून टाका. मुलगा म्हणाला, शेजारी म्हणाले, गाठ ना भेट असे नातेवाईकही फोन करून म्हणाले. सायरनने एक घाव दोन तुकडे केले. “मी चालवू शकत नाही, ही शिकेल.”

‘ही’ म्हणजे त्याची बायको. त्याच हॉस्पिटलात ती चादरी आणि गाऊन मोजायच्या खात्यात होती. वय चोपन्न. तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून आली होती. “अहो, या वयात मला कुठे नाचवता?” असं ती आधी म्हणाली, आणि तीन महिन्यांनी लायसन्स घेऊन आली. गल्लीत चेष्टा झाली. समोरचा चष्मेवाला दुकानदार एकदा म्हणाला, “चालू द्या. आंधळ्याच्या गायी देव राखतो.”

“गायी देव राखत असेल,” सायरन म्हणाला. “गाडी मी राखतो.”

आणि तो खरंच राखायचा. दर रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, तो बॉनेट उघडून उभा राहायचा. इंजिनचं तेल मोजायच्या कांडीवर वरच्या आणि खालच्या खुणेपाशी त्याने कानशीने बारीक खाचा पाडून घेतल्या होत्या. कांडी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची, आणि नखाने वरून खाली येत तेल कुठे सुरू होतं ते बघायचं. मग तेच तेल अंगठा आणि बोटात चोळायचं. कचकच लागते का, पेट्रोलचा वास येतो का, करपल्यासारखं वाटतं का. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीत तो एक स्वच्छ लाकडी पट्टी बुडवायचा आणि ती किती ओली झाली ते बोटाने मोजायचा. “गरम असताना हे झाकण उघडायचं नाही,” हे वाक्य त्याने बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती कुकर उघडतानाही तेच पुटपुटायची. ब्रेक ऑइलचं झाकण मात्र तो उगाच उघडत नसे. हवेतला ओलावा आत शिरतो. ते भांडं अर्धपारदर्शक असतं, बाहेरून रेघ दिसते. ती रेघ बघायचं काम बायकोचं.

एकदा चूक झाली, हेही सांगायला हवं. काच धुवायचं साबणपाणी त्याने कूलंटच्या बाटलीत ओतलं. वर्कशॉपवाल्यांना सगळं उपसून धुवावं लागलं. मुलाने त्या दिवशी नरसाळं आणि डबे उचलून कपाटावर ठेवले. “बाबा, झालं तेवढं पुरे. आता या गाडीला हात लावायचा नाही.” सायरनने दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोकडून केसांचे रबर मागून घेतले. तेलाच्या झाकणाला एक रबर, कूलंटच्या झाकणाला दोन, साबणपाण्याच्या झाकणाला एकही नाही. मग खुर्चीवर चढून, चाचपडत, नरसाळं स्वतःच खाली काढलं. “चूक माझी होती,” तो मुलाला म्हणाला. “हात माझेच आहेत. तेही जाऊ देऊ?”

मुलाचं मन मात्र वळलं नव्हतं. तो एका विमा कचेरीत कामाला होता आणि कागदावर त्याचा फार विश्वास होता.

तर झालं असं. डोंगरापलीकडच्या गावात राहणारी सायरनची मुलगी जिन्यावरून पडली आणि तिच्या पायाला प्लास्टर बसलं. जावई कामासाठी परगावी, घरात दोन शाळकरी पोरं. सगळ्यांनी रविवारी तिकडे जायचं ठरलं. वळणावळणाचा रस्ता, मोठा उतार. मुलाने शुक्रवारीच गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली आणि संध्याकाळी धुतलेली, चकचकीत परत आणली. सोबत एक लांबलचक छापील यादी, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.

रविवारी सकाळी सायरन नेहमीसारखा बाहेर आला. “अगं, ब्रेकची रेघ बघतेस का?” त्याने हाक मारली.

बायको आत पिशव्या भरत होती. “अहो, परवाच सगळं बघून आणलंय ना त्यांनी!” असं ती आतूनच म्हणाली. आली नाही.

तेल चोख होतं, कूलंट ठीक होतं. सायरनने बॉनेट लावलं आणि सवयीप्रमाणे एकेका चाकापाशी उकिडवा बसून टायरवरून आणि टायरच्या आतल्या अंगावरून हात फिरवू लागला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोटं ओली झाली. त्याने बोटं नाकाशी नेली. कूलंटसारखा गोडसर वास नव्हता, इंजिनच्या तेलाचा जडपणा नव्हता. पातळ, बुळबुळीत, आणि अठ्ठावीस वर्षांत न विसरलेला तो उग्र वास.

“गाडी जाणार नाही,” तो म्हणाला.

मुलगा पिशव्या घेऊन बाहेर येत होता. “म्हणजे?”

“ब्रेक ऑइल गळतंय. मागचं डावं चाक.”

“बाबा, गाडी धुतलीय. पाणी असेल.”

“शुक्रवारचं पाणी रविवारपर्यंत राहतं? आणि पाण्याला असा वास येतो?”

“यादीत स्पष्ट लिहिलंय, ब्रेक ऑइल ठीक. काल मी बाजारात गाडी नेली, ब्रेक लागत होते. समोरचा ब्रेकचा दिवासुद्धा लागलेला नाही.” मुलाचा आवाज चढला. “ताई तिकडे एका पायावर उभी आहे. तुम्हाला आजच हट्ट सुचतोय?”

बायकोही दारात आली. तिच्या पोटात लेकीची काळजी होती. “अहो, कालपर्यंत चालली की. हळू जाऊ आपण.”

ते ‘हळू जाऊ’ ऐकलं आणि सायरनचं डोकं फिरलं. उतारावरून हळू जायला निघालेली किती माणसं त्याने स्ट्रेचरवर घेतली होती, हे तो घरी कधी बोलला नव्हता. गाडीच्या कडेला हात लावत पुढे गेला, ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसला, आणि चारही दारं आतून बंद करून घेतली. किल्ली त्याच्या खिशात होती.

मुलाने काच ठोकली. “बाबा, दार उघडा. लोक बघताहेत.”

“बघू देत,” आतून सायरन वाजला. “त्यांना डोळे आहेत!”

लोक जमलेच. मुलाने चिडून सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि फोन काचेच्या फटीशी धरला. पलीकडचा सुपरवायझर गोड आवाजात म्हणाला, “काका, आमची तपासणी झालेली आहे. आणि तुम्हाला तर, म्हणजे, दिसत नाही ना?”

“मला दिसत नाही,” सायरन म्हणाला. “तुम्ही बघत नाही. दोन्हीत फरक आहे.”

कुणीतरी हसलं. मुलगा लाजेने लालेलाल झाला. बायको मात्र हसली नाही. ती काचेजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मी सकाळी रेघ बघितली नाही. आता बघते. खटका ओढा.”

बॉनेटचा खटका आतून खट्‌कन वाजला. तिने मोबाइलचा दिवा भांड्यावर धरला. मग मुलाला म्हणाली, “इकडे ये. तूच सांग.” ऑइल खालच्या रेघेला टेकलं होतं. परवाच्या यादीत याच ओळीपुढे ‘ठीक’ अशी खूण होती.

सायरनने दार उघडलं, पण उतरला नाही. शेजारच्या सीटवर सरकला. “बस,” किल्ली पुढे करत तो मुलाला म्हणाला. “इंजिन चालू कर. ब्रेक दाबून धर, आणि मोजत राहा.”

मुलगा बसला. पेडल आधी घट्ट लागलं. दहापर्यंत मोजलं तेव्हा पाय किंचित खाली गेला होता. वीसला आणखी. तिसाच्या पुढे मुलाने मोजणं सोडून दिलं. पायाखालचं पेडल आपसूक तळाशी चाललं होतं. त्याचा चेहरा कसा झाला ते सायरनला दिसलं नाही, पण श्वास ऐकू आला. ‘बघ, मी सांगत होतो’ असं तो म्हणाला नाही. त्याने मुलाला चाकापाशी नेलं, त्याचं मनगट धरून हात आत घातला. “वास घे. आता जन्मात विसरणार नाहीस.”

मुलीला फोन झाला. शेजारीण दोन दिवस सांभाळेल, असं ती म्हणाली.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी उचलून नेली, आणि सोमवारी सायरन बायकोचा खांदा धरून सर्व्हिस सेंटरमध्ये हजर. सुपरवायझर धावत आला. चूक झाली, चहा घ्या, एक वॉश आमच्याकडून, असं बरंच काही बोलला. सायरन म्हणाला, “वॉश नको. काम चालू असताना मला तिथे उभं राहायचंय.”

“काका, ग्राहकांना आत परवानगी नाही. ती पाटी आहे बघा. आणि ही पिवळी रेघ.”

“कुठे?” सायरनने मान इकडेतिकडे फिरवली. “मला तर काहीच दिसत नाही.” आणि बायकोला कोपराने ढोसून तो सरळ रेघ ओलांडून गेला. बायकोने जाता जाता पाटी वाचल्यासारखं केलं आणि तीही गेली.

आत त्यांच्या गाडीखाली एक पन्नाशीचा मेकॅनिक होता. खूण त्यानेच केली होती. सायरनने त्याला एकच प्रश्न विचारला. “शुक्रवारी ऑइल कमी होतं का?”

“होतं.”

“मग?”

“भरलं.”

“इंजिनचं तेल थोडंफार जळतं. हे जळत नाही. मग ते कुठे गेलं, असा प्रश्न पडला नाही?”

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. “पडला,” तो म्हणाला. “दिवसाला चौदा गाड्या असतात. प्रश्नाच्या मागे लागलो की मागच्या खोळंबतात.” मग तो गाडीखाली गेला आणि चाकातून काढलेला ब्रेकचा छोटा, गंजका सिलिंडर आणून सायरनच्या तळहातावर ठेवला. आतलं रबर फाटलेलं होतं, ऑइल तिथूनच गळत होतं. सायरनने ते बोटाने चाचपलं, बायकोच्या हातात दिलं. “हे बघून ठेव.” मेकॅनिकवर तो ओरडला नाही. पण सुपरवायझरला जाताना मोठ्याने ऐकवलं, “चौदाच्या सात करा. नाहीतर यादी छापणं बंद करा!” ऑफिसात बसलेली चार-पाच माणसं आपापल्या यादीकडे बघू लागली. त्यातली एक बाई उठून पिवळ्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली.

मंगळवारी ती दोघंच निघाली. मुलाला कचेरी होती, पण निघण्यापूर्वी त्याने न सांगता बॉनेट उघडून रेघ बघितली. सायरनने तो खटका ऐकला.

उतार लागला. बायकोचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. “ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस,” तो म्हणाला. “गिअर खाली घे. इंजिनालाच गाडी धरू दे. हां, असं.” मागून एका ट्रकने हॉर्न दिला. “वाजवू दे त्याला,” बायको म्हणाली. “मी माझ्या चालीने जाणार.” सायरन खूश होऊन सीटवर मागे टेकला.

मुलगी कुबड्या घेऊन दारात उभी होती. पोरं धावत आली. सायरन उतरला, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, “तुझी गाडी किती दिवस उभी आहे?”

“बाबा! आधी माझ्या पायाची तरी चौकशी करा!”

“पायाला डॉक्टर आहे. हिला कोण आहे? किल्ली आण.”

मुलगी कपाळावर हात मारून आत गेली आणि किल्ली घेऊन आली. बॉनेट उघडलं. कांडी निघाली, पुसली, पुन्हा आत गेली, बाहेर आली. सायरनचं नख वरून खाली सरकत गेलं, थेट टोकापर्यंत. कांडी जवळजवळ कोरडी.

“कधी बघितलंस शेवटचं?”

मुलगी कुबडीवर रेलत पुढे झाली. “बाबा, ती कांडी माझ्याकडे द्या. कसं बघायचं ते दाखवा.”

“हात पुसून घे आधी,” सायरन म्हणाला, आणि फडकं तिच्या दिशेने धरलं.