एक पात आखूड

आमच्या नालवाडीच्या भाजीच्या वाडीत विहीर होती, विहिरीला पाणी होतं, फक्त ते वर काढायला बैल एकच होता. मोटेला दोन लागतात. दुसरा बैल शेजारच्या किसनाजींचा. एक दिवस आमची मोट, एक दिवस त्यांची, अशी सावड चालायची. किसनाजींच्या घरी पाहुणे आले, त्यांचा बैल लंगडला, नाहीतर ते नुसते रुसले, की आमची मोट उभी. मग माझी वहिनी पदर खोचून पोहऱ्यानं पाणी शेंदायची आणि डोक्यावर घागर घेऊन वांग्याच्या एकेका ओळीला घालायची. सकाळी ज्वारीच्या कण्या, संध्याकाळी चून-भाकर, आणि घरात एवढी भाजी पिकत असून आमच्या ताटात यायची ती किडकी वांगी, कारण चांगली बाजारात जायची. कोणाला दया यावी म्हणून मी हे सांगत नाही. वहिनी कशी होती हे सांगायचं, तर मला विहिरीपासूनच सुरुवात करावी लागते...

गेल्या महिन्यात ऑफिसात फोन आला. पलीकडून पुतण्या बोलत होता. "काका, माय..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मी टेबलावरच्या फायली तशाच ठेवून वर्ध्याची बस धरली. आज तेरवी होऊन काही दिवस झालेत, आणि घरातला एकटा शिकलेला मी, तेव्हा लिहायचं तर मीच लिहायला हवं.

वहिनी केळझरची. लग्न होऊन आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आई नव्हती. घरात बाबा, दादा, ती आणि मी. तिनं मला कधी जवळ वगैरे घेतलं नाही, तिचा तो स्वभाव नव्हता. ती टोमणे मारायची. मी पुस्तक घेऊन बसलो की म्हणायची, "वाचा भाऊजी, वाचा. वांगे तुमच्यासाठी थांबून राह्यले." पण मी उठायला लागलो की ओरडायची, "काऊन उठता? बसा गुमान. उठाले मी आहो ना!" बाजारात तिच्याशी भाव करणं ही लोकांना शिक्षा वाटायची. पंतोजींच्या बायकोनं एकदा विचारलं होतं, "वांगी ताजी आहेत ना गं?" वहिनी म्हणाली, "नाई बाई, मागच्या वर्षीची आहेत. तुमच्यासाठी झाकून ठेवलती."

या गोष्टीतली काठी आमच्या घरी आली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. वर्ध्याच्या साहेबलोकांच्या क्लबात दादा भाजी पोचवायचा. तिथल्या एका खोलीत हिरव्या कापडाचं मोठं टेबल होतं, त्यावर काठीनं गोळे ढकलायचा बिलियर्डचा खेळ चालायचा. खेळणारे बदली होऊन गेले, टेबलाला वाळवी लागली, आणि एक दिवस ती खोली मोकळी करून सगळं लाकूड मागच्या अंगणात पेटवायला काढलं होतं. त्याच दिवशी दादाची तुतारी मोडली होती. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर बसवलेली. दादानं ढिगाऱ्यातली एक काठी मागितली. चौकीदार म्हणाला, "ले जाओ, जलाना ही है." दादानं घरी येऊन तिच्या बारीक टोकावरची चामड्याची टिकली काढून फेकली, तिथं भोक पाडलं आणि आर ठोकली. झाली तुतारी! बुडाकडे वजनदार, टोकाकडे निमुळती. रस्त्यावरचे गाडीवान हसायचे, "सुखदेवभाऊ, बैल हाकून राह्यले का मुसळ फिरवून राह्यले?"

त्या काठीच्या बुडाचं लाकूड काळंभोर होतं आणि त्यातून चार काळे टोकदार पट्टे पांढरट लाकडात वर चढले होते. वहिनी त्यांना कांद्याची पात म्हणायची. तीन पाती सारख्या उंचीच्या, चौथी चार बोटं आखूड. हे पहिल्यांदा तिनंच पाहिलं. एक एक पात बोटानं दाखवत म्हणाली, "हे मामंजी, हे तुमचे दादा, हे मी. अन् हा बुटका तुमी." त्या दिवसापासून माझं नाव बुटक्या पडलं. पुढे मी तिच्यापेक्षा वीतभर उंच झालो तरी ते सुटलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाची खांदेमळणी होते. शेकल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. वहिनीच्या माहेरची रीत अशी, की त्याच बैठकीला जू, कासरा, तुतारी, जे जे बैलाच्या अंगाला लागतं त्याचीही सेवा करायची. "वर्षभर ज्यानं टोचलं त्याचीबी माफी मागा लागते," असं ती म्हणायची. ती तुतारी मांडीवर आडवी घ्यायची आणि जवसाचं तेल तळहातावर घेऊन बुडापासून टोकापर्यंत चोळत राहायची. तेल आत जिरेस्तोवर. मग फडक्यानं पुसून आढ्याला दोन दोऱ्यांत आडवी टांगायची, भिंतीला कधी टेकवायची नाही. "टेकोली का वाकते, मानसासारखी." हे दरसाल चाललं. बाबा गेले त्या वर्षीही चुकलं नाही.

मी मॅट्रिक झालो, वर्ध्याच्या कॉलेजात गेलो, बी. ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला. हे मी मान वर करूनच सांगतो. सायकलवर पुढे भाजीची टोपली, मागे पुस्तकं, अशी ती पदवी झाली आहे. नागपूरला सरकारी कचेरीत लागलो. ऐंशी साल उलटून गेलं होतं. तेवढ्यात किसनाजींनी बैल विकला आणि जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देऊन ते मुलाकडे निघून गेले. सावड संपली. एका बैलाची मोट उभी राहिली ती राहिलीच. त्या हिवाळ्यात मी घरी गेलो तर वहिनी घागरीनं सगळी वाडी भिजवत होती. भाकर थापायला बसली की उठताना खांबाला धरायची. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पाहू नका असे. जमीन वाळली तर तुमाले बटाट्याची भाजी कोन देईन?" विहिरीवर इंजिन हवं होतं. माझ्या पगारात ते बसत नव्हतं, दादाच्या वांग्यांत तर नाहीच.

त्याच सुमारास एका कागदावर सही घ्यायला मी धरमपेठेत एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या घरी गेलो. हॉलमध्ये भिंतीला लाकडी चौकट, आणि तीत ओळीनं उभ्या काठ्या. काळ्या बुडाच्या, काळ्या पाती वर चढलेल्या. मी पाहतच राहिलो. साहेबांनी विचारलं, "खेळता का?" मी म्हणालो, "नाही साहेब. पण अशी तुतारी आमच्या घरी आहे." लाज कशाची? होती ती होती. कर्नलसाहेब आधी मोठ्यानं हसले. मग मी चौथ्या आखूड पातीबद्दल बोललो, तेव्हा हसायचे थांबले. "घेऊन या," म्हणाले.

काठी घेऊन मी एकटा जाणार होतो. वहिनी म्हणाली, "मी येतो. तुमी शिकलेले मानसं, लौकर हो म्हनता." दादा खाटेवरून म्हणाला, "तुतारी इकून इंजिन आनान, मंग मी बैलाले काय दाखवू, हात?" वहिनी म्हणाली, "बोलून पाहा त्याच्याशी. आमच्याशी तुमी बोलतच नाई, त्याच्याशी तरी बोलान." आरेला चिंधी गुंडाळून आम्ही एस.टी.त बसलो. कंडक्टरनं काठीचं तिकीट मागितलं. वहिनीनं त्याला विचारलं, काठीला सीट कोणती देणार ते सांग, मग तिकीट काढते.

कर्नलसाहेबांनी व्हरांड्यात काठी हातात घेतली आणि त्यांची नजर आधी टोकाकडे गेली. "अरे, हे काय केलंत!" असं ते ज्या आवाजात म्हणाले, तो घरात कोणी पडल्यासारखा होता. मग बूड पाहिलं. चौथी पात पाहून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "नक्कल असेल. चांगला कारखाना असा माल बाहेर सोडत नाही." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मला समोर विहीर दिसली, उभ्या मोटेसकट.

पण माणूस जाणकार होता आणि नेक होता. त्यांनी भिंग आणलं. आम्हालाही दाखवत दाखवत पाहिलं. नकली काठीत काळे पट्टे रंगवलेले असतात, नाहीतर वरवर चिकटवलेले. इथं आबनुसाच्या काळ्या लाकडाची खरी पाचर पांढऱ्या लाकडात खोल बसवलेली होती. मग प्रश्न राहिला आखूड पातीचा. ती मागाहून कोणी तासली असती तर वरच्या लाकडाच्या रेषा तुटल्या असत्या. त्या तर एकसंध सरळ वर गेल्या होत्या. म्हणजे पाचर बसवली तेव्हाच आखूड होती. मग बुडाशी बसवलेली नखाएवढी चकती त्यांनी ओल्या कापडानं पुसली आणि आपल्या चौकटीतल्या एका काठीच्या चकतीशेजारी धरली. दोन्ही एकाच विलायती कारखान्याच्या. कर्नलसाहेब खुर्चीत मागे टेकले. "चूक कारागिराची आहे," म्हणाले. "हातानं बसवताना एक पाचर आखूड घेतली. असा नग तिथेच तोडून टाकतात. हा कसा सुटला देव जाणे. खेळणाऱ्याला या चुकीचं काही नाही, पण जमवणाऱ्याला अशी दुसरी मिळायची नाही." आणि त्यांनी आकडा सांगितला.

त्या आकड्यात इंजिन बसत होतं. वहिनी मला हळूच म्हणाली, "पाहा भाऊजी, बुटक्याचीच किंमत लागली."

पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. "हा भाव अख्ख्या काठीचा. तुम्ही टोकाला भोक पाडलंय. तेवढा तुकडा कापून नवं लाकूड जोडावं लागेल. त्यामुळे निम्मे." निम्म्या पैशांत निम्मं इंजिन येत नाही. मी काय बोलावं हे जुळवत होतो, तेवढ्यात वहिनी पायरीवरून उठून उभी राहिली.

"साहेब, एक इचारू? काठी इतके वर्षं झाले तरी वाकली काऊन नाई?"

साहेबांनी काठी डोळ्यासमोर धरली. "खरंच. आपल्या हवेत वाकायला हवी होती. तेल कोणतं लावता?"

"जवसाचं. पोळ्याले. आता आइका. आर ठोकली म्हनून तुतारी झाली. तुतारी झाली म्हनून पोळ्याले तेल भेटलं. तेल भेटलं म्हनून सरळ राह्यली. आर नसती ठोकली, तर त्याच दिवशी क्लबात जळून राख झालती. मंग आरेचे पैसे कापता काऊन?" आणि जराशानं, आवाज खाली आणून, "त्यायची चूक दागिना, अन् आमची चूक खोट? असं कसं चालन साहेब?"

कर्नलसाहेब म्हणाले, "बाई, बाजारात हा हिशेब कोणी मानणार नाही." वहिनी म्हणाली, "बाजारात मी रोज बसतो. तिथलं मले सांगू नका. तुमी मानता का थे सांगा." ते हसले. बराच वेळ काठी हातात फिरवत राहिले. मग आत गेले आणि पूर्ण पैसे घेऊन आले. जोडकाम त्यांनी स्वतःच्या खर्चानं करायचं ठरलं. वहिनीनं एकच अट घातली, की कापलेला तुकडा परत द्यायचा. "तुमची चूक तुमी ठेवा," ती म्हणाली, "आमची आमाले वापस द्या."

येताना बसमध्ये ती खिडकीला बसली. पैसे कमरेला, हात त्यावर. सेलू आलं तेव्हा एकदम म्हणाली, "त्यानं तेल बराबर लावलं पाह्यजे, भाऊजी. तुमी मधून मधून जाऊन पाहात जा." मी जात होतो. दर पोळ्याला तिनं दिलेली जवसाच्या तेलाची बाटली घेऊन जायचो, आणि कर्नलसाहेब ती बाटली मान झुकवून घ्यायचे.

तो कापलेला तुकडा हातभर लांबीचा होता, टोकाला आर तशीच. वहिनीनं तो रोप लावायला घेतला. वाफ्यात बसून आरेनं मातीत भोक पाडायचं, रोप सोडायचं, अंगठ्यानं दाबायचं, पुढे सरकायचं. वांगी, मिरची, कोबी, सगळी वाडी तिनं त्या तुकड्यानं लावली. हात धरायची तिथं लाकूड गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झालं. खाटेला खिळली तेव्हाही सुनेला आतून ओरडून सांगायची, "आर सगळी आत जाऊ दे वो, अर्ध्यावर नोको थांबू!"

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, गेलो. तुकडा आढ्याला दोन दोऱ्यांत आडवा टांगलेला होता, भिंतीला न टेकवता. मी तो उतरवला आणि तिच्या बोटांच्या खोलगट जागेत माझी बोटं ठेवून पाहिली. माझा हात मोठा आहे, नीट बसला नाही. तेवढ्यात सून आली, म्हणाली, "काकाजी, द्या थे इकडे. मिरचीचं रोप लावाचं राह्यलं." मी देऊन टाकला. ती वाफ्यात जाऊन बसली, आणि विहिरीवरचं इंजिन धडधडत सुरू झालं.

ते इंजिन आता जुनं झालंय, धूर फार सोडतं, पण ज्या दिवशी ते बसलं त्या दिवसापासून आमच्या घरातल्या एकाही बाईनं वाडीला डोक्यावरून पाणी घातलेलं नाही.