पहिला घास: मुलचेऱ्याकडची एक फेरी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी डॉक्टर मैत्रीण मुलचेऱ्याकडच्या एका गावात फेफऱ्याचे रोगी तपासायला निघाली आणि मीही पिशवी उचलली. मला जंगल बघायचं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

चंद्रपूरहून एसटीने मूल, मग चामोर्शी. चामोर्शीत पोटभर खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही मिळत नाही आणि रस्ता हाडं खिळखिळी करतो.

पोचलो तर पहिल्याच रोग्याच्या घरी, सोनाबाईंच्या दारात, बैलगाडी जुंपलेली. सुमन, त्यांची सून, पेटी घेऊन बसली होती. तिला फेफरं येई, म्हणून तिला कायमची माहेरी धाडत होते.

"डुकराच्या मटनानं होते म्हनतेत," सोनाबाई म्हणाल्या. "पन हे सुमन तर मटनाले शिवत बी नाई. सनाले आमी खातो. मंग इलेच काऊन?"

डॉक्टरने सुमनचा दंड चाचपला. कातडीखाली हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. मग तिने विचारलं, घरात कुणाला शौचातून पांढऱ्या चपट्या पट्ट्या पडतात का.

"मले पडतेत, लय दिवसापासून. दुखत काई नाई," सोनाबाई सहज म्हणाल्या. "सैपाक मीच करतो. सुनेले पयला घास बी मीच भरवतो, रोज. आमच्या घरची रीत हाय."

डॉक्टरने सावकाश समजावलं. कच्चट मांसातला जंत खाणाऱ्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी मात्र नीट न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि मेंदूत गाठी होऊन फेफरं येतं. मांस न खाणाराही सुटत नाही.

सोनाबाई आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. "मंग मायेरी कोनाले धाडाव? मले?"

त्यांचा मुलगा, सुमनचा नवरा, उठला आणि त्याने बैल सोडले.

सोनाबाईंना जंताचं औषध, सुमनला फेफऱ्याच्या गोळ्या दिल्या. त्या मधेच थांबवू नका असं बजावलं. दुपारी सुमननेच भात वाढला. सोनाबाई लांब बसल्या होत्या.

"हात धुवा न बाई, अन् भरवा," सुमन म्हणाली.

सोनाबाई उठल्या, साबण लावून हात धुतले, घास उचलला. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. "आधी औषध लागू पडू द्या." तो हात मागे गेला.

घरी परतल्यावर सगळे विचारत, वाघ दिसला का? नाही दिसला. जंगल देखणं आहे, जरूर जा. मला मात्र तो घासच आठवतो आणि वाईट वाटतं. सुमन सासरी राहिली. त्या घरात तिला सर्वात मायेनं मिळणारी गोष्ट तेवढी थांबवावी लागली, आणि तेच बरोबर होतं.