रोटेटरच्या बोल्टवरची रेघ

रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यावर मी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि गच्चीवर अँटेना उभी केली. रायपुरात आमचं घर भनपुरीच्या अलीकडे, ट्रकांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. लोखंडी पाइपच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्या आणि त्यांच्या खाली एक मोटर. ही मोटर म्हणजे रोटेटर. खोलीत बसून बटण दाबलं की वर अँटेना फिरते आणि ज्याच्याशी बोलायचं त्या दिशेला तोंड करते. नवऱ्याला या सगळ्याचं कौतुक नव्हतं, पण संध्याकाळी मी रेडिओवर बसले की चहाचा कप न बोलता बाजूला ठेवून जायचा.

उन्हाळ्याचे दिवस होते. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ माझे नेहमीचे सोबती. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "ताई, आज आवाज फारच बारीक येतोय. अँटेना माझ्याकडेच आहे ना?"

रोटेटरच्या बटणांच्या डब्यावरचा काटा तर पुण्याचीच दिशा दाखवत होता. मी गच्चीवर गेले. अँटेना उत्तरेला तोंड करून उभी होती. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने ती पाइपासकट कधी फिरली ते मला कळलंच नव्हतं.

पाइपाला रोटेटरच्या जाड पट्टीशी धरून ठेवणारे यू-आकाराचे बोल्ट ढिले झाले होते. मला त्यात नवल वाटलं नाही. वारा एवढ्या लांब नळ्यांना सारखा इकडून तिकडे ढकलतो, आणि त्या हिसक्यांनी नट हळूहळू सुटत जातो. मी स्प्रिंग वॉशर घातले, प्रत्येक नटावर दुसरा नट आवळला आणि नेलपॉलिशने नटावरून बोल्टवर एक लाल रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसली असती.

दोन वादळं आली नि गेली. रेघ तुटली नाही. तरीही काटा एकीकडे आणि अँटेना दुसरीकडे. मी गच्चीत उभी राहून ती लाल रेघ बोटाने चाचपत होते. नट जागचा हलला नव्हता, मग पाइप सुटला कसा? रात्री वारा सुटला की छतातून कण्हल्यासारखा आवाज यायचा. नवरा उठून बसायचा.

"मले हे बरं दिसत नाही," तो म्हणाला. "काढून टाक ते वरचं."

"बोल्टच आहे तो. आवळीन पुन्हा."

"आवळला तरी आवाज येऊनच राहिला ना?"



मग एका दुपारी मी शिडी लावून चढले आणि फडक्याने सगळा गंज पुसून काढला. बोल्टच्या भोकापासून पट्टीच्या काठापर्यंत केसाएवढी भेग गेली होती. ज्या जाड पट्टीला बोल्ट धरून होते तीच फाटत चालली होती. मी जितकं आवळत होते तितकी भेग उघडत होती. मी बोट लावलं तेव्हा वारा अगदी मंद होता, तरी भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासताना जाणवल्या.

पश्चिमेकडचं आकाश मातकट झालं होतं. रस्त्यावरचे हॉर्न एकाएकी लांबून आल्यासारखे वाटू लागले.

"काहून थांबली वर? उतर!" खालून नवरा ओरडला. "अंधड येऊन राहिलं!"

अँटेना उतरवायला दोन माणसं आणि शांत हवा लागते. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी नळीला दोर बांधला, तो कठड्यावरून घेऊन टाकीच्या खांबाला आवळला. गाठ मारताना खाली पाहिलं. भिंतीपलीकडच्या अंगणात, बरोबर अँटेनाच्या खाली, शेजारची म्हातारी, जिला सगळी गल्ली दाई म्हणजे आई म्हणते, उन्हात घातलेली बरी, म्हणजे डाळीचे सांडगे, गोळा करत बसली होती. तिच्या घरचे सगळे कामावर.

"दाई, अंदर जाओ!" मी ओरडले.

तिने मान वर केली, पण सांडगे उचलल्याशिवाय ती हलणार नव्हती. "बरी ला कोन उठाही?"

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही घरातच राहा, गच्चीकडे फिरकू नका," आणि गल्लीतून धावत तिच्या अंगणात शिरले. धूळ डोळ्यांत जात होती. मी तिला दंडाला धरून उठवलं, तिने सुपडं सोडलं नाही. आम्ही तिच्या खोलीत शिरलो आणि मी कडी लावली तेवढ्यात वरून धातू फाटल्याचा आवाज आला. तसा मी आजवर दुसरीकडे कुठेही ऐकलेला नाही.

अँटेना मात्र खाली पडली नाही. रेडिओकडे जाणारी केबल आणि दोर यांनी तिला कठड्यावरून लोंबकळत धरून ठेवलं होतं. बाहेर पाऊस कोसळू लागला आणि ती आमच्या भिंतीवर आपटत राहिली. एक ठोका, मग थोडी शांतता, मग दुसरा. पलीकडे नवरा एकटा आहे, हे सारखं डोक्यात येत होतं. दाई शेजारी बसून बऱ्यांवरची धूळ पदराने पुसत होती.

मग पाऊस थांबला, वारा पडला. ठोकेही थांबले. पलीकडून नवऱ्याची हाक आली, "आहे का गं?"

"आहे!" म्हणत मी कडी काढली.

दाईने माझं मनगट पकडून मला जाऊ दिलं नाही. "झन जा नोनी. ठहर थोरकिन."

"दाई, आँधी चली गई."

तिने हात सोडला नाही. बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी दार थोडं ढकलून उंबऱ्याच्या आतच उभी राहिले. वर कठड्याच्या कडेवर घासून घासून झिजलेला दोर मला दिसत होता, पण तो काय आहे हे डोक्यात शिरायच्या आत तो तुटला. केबल तोडून अँटेना अंगणात आली. एक नळी दारासमोरच्या ओल्या मातीत उभी रुतली, हात लांब केला असता तर लागली असती. कितीतरी वेळ ती थरथरत होती.

दाईला मी नंतर विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, काही कळलं नव्हतं, एकटीला भीती वाटत होती म्हणून तिने मला धरून ठेवलं.

नवरा गल्लीतून आला, चिखलातली नळी पाहिली, मला पाहिलं आणि दाईच्या पायरीवर बसून राहिला. रागावला नाही. ते रागावण्यापेक्षा मला जड गेलं.

मी रेडिओ सोडलेला नाही. आता गच्चीवर दोन खांबांत नुसती तार ताणली आहे. तिला मोटर नाही, बोल्ट नाहीत. पुण्याचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक येतो, पण येतो. रोटेटर जिन्याखाली पोत्यात पडून आहे. पट्टी नवी मिळते, असं पुण्याचे गृहस्थ सांगतात. मी अजून मागवलेली नाही.