तळटिपेतली मावशी

माझ्या एम.कॉम.च्या प्रबंधाचा खर्डा सरांनी परत दिला, तेव्हा शेवटच्या प्रकरणाच्या कडेला लाल पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं: "घरी लग्न आहे काय?"

मी पान पुन्हा वाचलं आणि कानशिलं तापली. विषय होता गिरणगावातल्या खाणावळींचा धंदा. आधीच्या प्रकरणांतल्या तळटिपा अगदी चोख होत्या. गिरणी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, व्यापारी मंडळांची वार्षिकं, सरकारी चौकशांचे खंड, प्रत्येकाचं नाव, साल, पान, सगळं जागच्या जागी. शेवटच्या प्रकरणात मात्र पानाच्या तळाशी ओळीने उभ्या होत्या: मावशी, लालबाग. काकी, परळ. धाकटी मावशी, काळाचौकी. पुन्हा मावशी, लालबाग. तेही इंग्रजी प्रबंधात, "मावशी" खाली रेघ मारून!

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी गिरगावातली. आमच्या चाळीत समोरच्या बाईंना मी जन्मभर काकू म्हटलं, त्यांचं नाव काय हे विचारायचं कधी डोक्यातही आलं नाही. बाईमाणसाला नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. तेच वळण घेऊन मी लालबागला गेले आणि तेच वळण टाइप करून सरांपुढे ठेवलं.

सर खेकसण्यासाठी प्रसिद्ध होते. पण त्या दिवशी ते खेकसले नाहीत, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. "बाई," ते म्हणाले, "तळटीप म्हणजे शोभेची झालर नव्हे. वाचणाऱ्याला तुमचा हात न धरता, एकट्याने, तिथवर पोचता आलं पाहिजे. अहवाल असेल तर कपाटापाशी, माणूस असेल तर दारापाशी. लालबागेत जाऊन मावशी म्हणून हाक मारली तर निम्मी चाळ बाहेर येईल. पूर्ण नाव, गाव, ठिकाण, तारीख आणा. नाहीतर प्रकरण काढून टाका."

काढून टाका म्हणे! ते काढलं तर उरलं काय, दुसऱ्यांच्या अहवालांतले उतारे? माझा सगळा मुद्दा त्या प्रकरणात होता. खाणावळीचं भांडवल म्हणजे डेचकी आणि तांदूळ नव्हे, खाणावळीचं भांडवल म्हणजे गाव. एका गावचे गिरणीकामगार एकाच बाईकडे जेवतात. नवा माणूस मुंबईत उतरला की गाववाले त्याला तिच्या पंगतीला आणून बसवतात, आणि त्याच्यासाठी जामीन असतो तो अख्खा गाव. हे कुठल्याही छापील पुस्तकात नव्हतं. मला ते सांगितलं होतं लालबागच्या मावशीने, भाकऱ्या थापता थापता.

आणि माझ्याकडे वेळ कुठे होता? दादरच्या एका नव्या कॉलेजात मला शिकवायची जागा देऊ केली होती, पण पदवी हातात आली तरच. घरी आईने निकाल देऊन ठेवला होता. "यंदा झालं तर ठीक. नाहीतर मुकाट्याने पोहे करायला शिक, मुलं बघायला सुरुवात करणार आहे." बाबा काही बोलत नसत. ते कचेरीतून आले की जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीची कार्डं करून देत, माझ्या टाचणांसाठी. त्यांचा माझ्यावर फार जीव होता, आणि तो असा कात्रीतून दिसायचा.

मग मी ती कार्डं घेऊन पुन्हा लालबागला गेले, आणि चांगलीच तोंडावर आपटले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणगावात सभा, मोर्चे, भिंतीभिंतींवर घोषणा. गोळीबाराची धास्ती अजून मनातून गेली नव्हती, आणि साध्या कपड्यांतले पोलीस चाळीचाळीतून पोरांची नावं विचारत फिरत. अशात एक गिरगावातली पोरगी हातात पेन्सिल घेऊन "पूर्ण नाव सांगा" म्हणते! काल जिने मला सोलकढी पाजली होती तीच बाई आज म्हणाली, "नाव कित्याक होया? पोलिसांका देतलंस?" मी शपथा घेतल्या, सरांचं नाव सांगितलं, रडकुंडीला आले. उपयोग शून्य.

आणि पोलिसांची भीती गेली असती तरी दुसरी अडचण होतीच. बाईचं पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव, आणि ते कोण तोंडाने उच्चारणार? त्यावर तोडगा संक्रांतीच्या हळदीकुंकवाने काढला. मावशीच्या चाळीतल्या एका सुनेने मला आणि परळ-काळाचौकीच्या बायकांनाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांना दम भरला, "आज नाव घेतल्याशिवाय वाण नाही!" झालं. एकेक जण लाजत, एकमेकींना ढकलत, उखाण्यात नाव घेऊ लागली. परळच्या काकींचा तर मला अजून पाठ आहे:

"पहिल्या पाळीचा भोंगा झाला, चुलीवर चढला भात,
अमुकरावांचं नाव घेते, जेवायला या हो हात धुवून सात!"

सात कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जुळवूक होया मा!" सगळ्या हसत होत्या आणि मी लग्नपत्रिकांच्या पाठीवर भराभर लिहीत होते. त्या दिवशी माझ्याएवढी खूश कोणी नव्हती. तिळगूळ खाऊन घसा बसला, पण कार्डं भरली.

एक कार्ड मात्र कोरं राहिलं. लालबागच्या मावशीचं.

ती हळदीकुंकवाला येणार कशी? ती विधवा होती. तिळाचे लाडू तिनेच वळून पाठवले होते, पण स्वतः आपल्या खोलीत चुलीपाशी. मला त्या क्षणी इतका संताप आला! सगळ्यांचं पोट जिच्यावर, तिला उंबरठ्याबाहेर ठेवायचं, आणि मीसुद्धा आत बसून उखाण्यांना टाळ्या पिटत होते. मी तशीच उठून तिच्याकडे गेले. म्हटलं, "मावशी, तुझं नाव हवं. सगळ्या प्रकरणाचा आधार तूच आहेस. पोलिसाबिलिसासाठी नाही गं."

ती भाकरी परतत राहिली. "माझा नाव मावशी. ताच लिव."

"ते नाही चालत."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "लगनात सासऱ्यांनी नाव बदलल्यानी. ता नाव घोवाबरोबर गेला. आता ता घेऊन काय करू?" भाकरी टोपलीत टाकली, हात पुसले. "आवशीन ठेवलेला लिव. चालात?"

आईने ठेवलेलं नाव चालेल का, हे सरांना विचारायला मी थांबलेच नाही. ज्याने माहिती दिली त्याने सांगितलेलं नाव, एवढंच मला कळत होतं. तिने हळूच सांगितलं, एकदाच. मी ते लिहिलं, त्याच्यापुढे तिच्या माहेरचं गाव, खाणावळ, चाळ, तारीख. तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला. "कामासाठी लिव हां," ती म्हणाली. "गजालींसाठी नको." गप्पाटप्पांत ते नाव फिरायला नको होतं तिला.

प्रबंध विद्यापीठाकडे गेला. आणि थोड्या दिवसांनी बाहेरच्या परीक्षकांचं बोलावणं आलं.

हे गृहस्थ म्हणजे कोट, टाय, छत्री, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलणार नाही. शेवटचं प्रकरण उघडून त्यांनी पहिल्याच तळटिपेवर बोट ठेवलं. "सगळा सिद्धान्त या एका बाईंवर उभा आहे. त्या आहेत कशावरून?"

"आहेत, सर. मी घेऊन जाते ना तुम्हांला."

"तुम्ही नाही. तुमची तळटीप नेईल. तुम्ही मागून चला, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. नाही पोचलो, तर हे प्रकरण मी मान्य करू शकत नाही."

म्हणजे संपलंच की! कारण आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: ते नाव अख्ख्या लालबागेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

ट्रामने आम्ही लालबागला उतरलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "नाय बा, ह्या नावाची कोण नाय." चाळ सापडली, ती तर तळटिपेत होती. पण चाळीच्या दारात कोट-टाय बघूनच बायकांची तोंडं शिवली. "इथे अशी कोणी राहत नाही." वरच्या गॅलरीतून, "नाय, नाय!" हळदीकुंकवाची ती सून कडेला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि तिला वाटलं की पोलिसाने पोरीला पकडून आणलीय. मला डोळ्याने खुणावून ती ठणकावून म्हणाली, "आणि ह्या मुलीलापण आम्ही ओळखत नाही हां!"

अगं बाई, वाचवतेस की बुडवतेस! मी ओठ दातांखाली धरून उभी. एक शब्द, "मावशी" एवढा एक शब्द बोलायची खोटी होती. पण अट ती अट. डोळ्यांपुढे दादरचं कॉलेज पुसट होत चाललं आणि पोह्यांची बशी स्पष्ट दिसू लागली.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "बाई, तुमची तळटीप इथवर आली आणि थांबली," ते म्हणाले. पण माणूस शिस्तीचा. अर्धवट तपासणी त्यांना पटेना. नळापाशी मोकळ्या जागेत उभे राहून, चष्मा सारखा करून, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी ती तळटीप पहिल्यापासून वाचली. नाव. माहेरचं गाव. खाणावळ. चाळ.

गॅलरीतल्या बायका कठड्यावरून वाकून बघू लागल्या. 

मग मागच्या अंगाच्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मावशी बाहेर आली. हातात कालवणाचा डाव, पदर खोचलेला, कपाळावर पीठ. तिने ना माझ्याकडे पाहिलं, ना चाळीकडे.

"कोण साद घालता?" ती म्हणाली. "ह्या नावान माका कोण साद घालता?"

परीक्षकांनी कागद खाली केला. बाईंना विचारलं, "तुम्हीच का त्या?"

"मीच," ती म्हणाली. "आवस गेल्यापासून कोणी हाक मारूक नव्हती." आणि डाव तसाच हातात धरून ती रडायला लागली. मला काही आवरलं नाही, मीही रडले. गॅलरीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "मावशीचं नाव हे? आपल्या मावशीचं?" परीक्षकांना काय करावं सुचेना, त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

मग अर्थात त्यांना जेवायला बसवलं. गाववाल्यांच्या पंगतीत, पाटावर, कोट घडी करून मांडीवर. बांगड्याचं कालवण खाता खाता त्यांनी तिला नाना प्रश्न विचारले. तिने माझ्या प्रकरणातलंच सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. मध्येच मला म्हणाली, "ह्या लिवलंस मा?" मी मान हलवली. अजून बोलायची परवानगी कुठे होती!

परतताना ट्रामच्या थांब्यावर ते मला एवढंच म्हणाले, "पोचलो, बाई."

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन लालबागला गेले. दारात पाऊल ठेवते तोच वरच्या गॅलरीतून त्या सुनेने मावशीला तिच्या आईने ठेवलेल्या नावाने हाक मारली आणि पुढे मावशी जोडलं, "तुझी पोर आली गं!" आतून लगेच उत्तर आलं, "इलंय!" तिला आता दचकायला होत नव्हतं.

मी पुढे आयुष्यभर दादरच्या त्या कॉलेजात शिकवलं. मुलं कंटाळायची तळटिपांना, मग मी त्यांना ही हकिगत सांगायची. दरवेळी एखादं पोर विचारायचंच, नाव काय होतं हो त्यांचं? ते मी वर्गात कधी सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही, कारण ही गजाल आहे आणि तिने ते कामासाठी दिलं होतं. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. शेवटचं प्रकरण, पहिली तळटीप. तुमचं तुम्ही जा, पोचाल.